घरच्या माणसांनी आखलेली सहल : 'केसरी' ते 'वीणा वर्ल्ड'

आपल्या जिल्ह्यातल्या पर्यटन व्यावसायिकांच्या स्मरणिकेत मुंबईतल्या दोन संस्थांचा इतिहास कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. नगर, संगमनेर, श्रीरामपूर, कोपरगाव या गावांतून घरातलं कुणी पहिल्यांदा परदेशी सहलीला निघालं, तेव्हा अनेक घरांत आधी 'केसरी' हे नाव निघालं आणि पुढे 'वीणा वर्ल्ड' हे. आपल्यातल्या कितीतरी जणांनी या व्यवसायाची मुळाक्षरं त्यांच्या कामाकडे बघूनच गिरवली. दुसरं कारण मला अधिक मोलाचं वाटतं. दोन्ही संस्था नवरा-बायकोच्या संसारातून उभ्या राहिल्या. सहलीची आखणी हे मुळात घरातलं काम आहे. कुणाला काय झेपतं, कोण किती वेळ उभं राहू शकतं, पोराला भूक कधी लागते, हे घरातल्या बाईला ठाऊक असतं. या जोडप्यांनी त्या घरगुती शहाणपणाचा व्यवसाय केला, आणि त्यांचं यश तिथेच आहे असं माझं ठाम मत आहे.

आधी थोडं मागे जाऊ. आपल्याकडे प्रवास म्हणजे यात्रा. काशी, रामेश्वर, बद्रीकेदार, नाहीतर पंढरपूर आणि शेगाव. यात्रा कंपनीची गाडी निघायची तेव्हा सोबत आचारी, शिधा आणि भांडी असत, आणि मुक्कामाला धर्मशाळा ठरलेली असे. या यात्रा कंपन्यांनी मराठी माणसाला एक मोठी गोष्ट शिकवली : अनोळखी मुलखात गेलं तरी ताटात भात-आमटी मिळते आणि चार माणसं आपल्या भाषेत बोलणारी सोबत असतात. पुढच्या सगळ्या सहल-संस्था याच पायावर उभ्या राहिल्या, हे नव्या पिढीतल्या व्यावसायिकांनी विसरू नये.

परदेशाची गोष्ट मात्र वेगळी होती. एके काळी परदेशी जायचं तर रिझर्व्ह बँकेची मंजुरी लागे. त्यासाठीचा 'पी फॉर्म' हा शब्द जुन्या मंडळींना आठवत असेल. १९६० साली पु. ल. देशपांडे यांचं 'अपूर्वाई' आलं, तेव्हा युरोप हा मराठी मध्यमवर्गाने पुस्तकातून बघायचा प्रदेश होता. सत्तरच्या दशकाच्या शेवटी पर्यटनासाठी मर्यादित परकीय चलन मिळू लागलं, पण तेही मोजूनमापून. एवढ्या डॉलरांत चार देश बघायचे, तर एकट्यादुकट्याच्या हिशेबात ते बसत नसे. हॉटेल, बस, जेवण आधीच रुपयांत भरून ठेवलेलं असेल, तरच खिशातले डॉलर पुरत. समूह सहलीची कल्पना मुंबईत रुजली त्याला हे एक अगदी व्यवहारी कारण होतं.

केसरी भाऊ पाटील हे पालघर भागातल्या माथाणे गावचे. पेशाने शिक्षक. त्यांचे बंधू राजाभाऊ पाटील यांची 'राजा राणी ट्रॅव्हल्स' ही संस्था मराठी प्रवाशांत आधीच नावाजलेली होती, आणि केसरीभाऊंना या धंद्याचा अनुभव मिळाला तो घरातूनच. १९८४ साली, पन्नाशीच्या उंबरठ्यावर असताना, त्यांनी 'केसरी टूर्स' सुरू केली. ज्या वयात मास्तर लोक भविष्यनिर्वाह निधीचा हिशेब मांडू लागतात, त्या वयात त्यांनी नवा व्यवसाय मांडला. पत्नी सुनीताताई पाठीशी होत्या आणि लेक वीणा सुरुवातीपासून कामात होती. सुरुवातीच्या सहली राजस्थानसारख्या देशातल्या भागांत गेल्या. भांडवल कमी, ओळख कमी, अशा काळात प्रत्येक सहल परत आल्यावर पाहुणे काय सांगतात यावर पुढची सहल ठरे.

शिक्षकाने सहल-संस्था काढली याचं मला नेहमी विशेष वाटत आलं आहे. शाळेची सहल काढलेल्या मास्तरांना माणसं मोजायची सवय असते. गाडी सुटण्यापूर्वी डोकी मोजायची, मागे राहिलेल्याला हाक मारायची, आजारी पोराला पुढच्या बाकावर बसवायचं, आणि जे बघायचं त्याची दोन वाक्यांत माहिती द्यायची. मराठी समूह सहलीतला टूर मॅनेजर हा याच मास्तराचा वारस आहे. तो रस्ता दाखवतो, पण त्याचं मुख्य काम माणसं सांभाळण्याचं. चाळीस जणांच्या बसमध्ये कुणाला मधुमेह आहे, कोण रात्री एकटं झोपायला घाबरतं, कोणत्या दोन कुटुंबांची पहिल्याच दिवशी खिडकीवरून कुरबुर झाली, हे त्याला माहीत असावं लागतं. नगरच्या बाजूने सहली नेणाऱ्या आपल्या मुलांना मी हेच सांगत असतो : कार्यक्रमपत्रिका पाठ करण्याआधी प्रवाशांची यादी पाठ करा.

१९९१ नंतर देशाची आर्थिक धोरणं बदलली. परकीय चलनाचे नियम पायरीपायरीने सैल होत गेले. १ जून २००० पासून जुन्या कायद्याच्या जागी 'फेमा' हा नवा कायदा लागू झाला आणि २००४ मध्ये वर्षाला २५,००० डॉलरपर्यंत रक्कम बाहेर नेण्याची योजना आली. नेमक्या याच काळात युरोपच्या सहलीत एक नवं नाव शिरलं. १२ एप्रिल १९९२ रोजी पॅरिसच्या पूर्वेला, शहरापासून सुमारे ३२ किलोमीटरवर मार्न-ला-व्हॅले इथे डिस्नेचं उद्यान उघडलं. सुरुवातीचं नाव 'युरो डिस्ने'. १९९४ मध्ये ते 'डिस्नेलँड पॅरिस' झालं. पहिली काही वर्षं ते तोट्यात होतं. मुंबईहून निघणाऱ्या सहलींना मात्र त्याने एक मोठी सोय करून दिली : आजी-आजोबांना आयफेल टॉवर आणि नातवंडांना डिस्नेलँड, एकाच तिकिटात.

कॅलिफोर्नियातल्या अनाहाइमचं मूळ डिस्नेलँड १७ जुलै १९५५ चं. १ ऑक्टोबर १९७१ रोजी फ्लोरिडात 'वॉल्ट डिस्ने वर्ल्ड' उघडलं. तिथली एकूण जमीन शंभर चौरस किलोमीटरच्या आसपास आहे. १९८३ मध्ये टोकियो, २००५ मध्ये हाँगकाँग, २०१६ मध्ये शांघाय. सिंगापूरच्या सेंटोसा बेटावर २०१० मध्ये युनिव्हर्सल स्टुडिओज आलं आणि कमी खर्चात, कमी दिवसांत मुलांना परदेशी उद्यान दाखवण्याची सोय झाली. आपल्या भागातून पहिल्यांदा परदेशी जाणाऱ्या तरुण जोडप्यांची पसंती आजही बहुतेकदा सिंगापूरलाच असते.

अशा उद्यानातला एक दिवस आखणं हे व्यवसायातलं सर्वांत कठीण काम आहे, असं मी म्हणतो तेव्हा नवखे हसतात. संग्रहालयात माणूस उशिरा पोचला तर अर्धं बघून बाहेर पडतो. उद्यानात उशिरा पोचलं तर दिवस रांगेत जातो. दार उघडण्याआधी हजर असणं, सर्वांत गर्दीची राईड सकाळच्या पहिल्या तासात उरकणं, सगळे जेवायला जातात तेव्हा आपण रांगेत उभं राहणं आणि सगळे रांगेत असतात तेव्हा जेवणं, मिरवणूक निघते तेव्हा कुठल्या बाजूला सावली असेल हे आधी हेरणं, असे त्याचे बारकावे. अमेरिकेत तर या एकाच विषयाला वाहिलेली स्वतंत्र मार्गदर्शक पुस्तकं ऐंशीच्या दशकापासून निघत आली आहेत, आणि त्यांतली काही नवरा-बायकोंनी मिळून चालवली आहेत. उद्यानाच्या मालकाशी काही देणंघेणं नसलेल्या माणसाने, आपल्या पोरांना घेऊन स्वतः चालून बघून, दुसऱ्या कुटुंबाला सांगायचं की इथून सुरू करा, हे टाळा, इथे बसा. मुंबईच्या पाटील घराण्याने मराठी माणसासाठी जे केलं त्याचंच हे तिकडचं रूप.

उंचीची पट्टी हा मला सर्वांत जिव्हाळ्याचा मुद्दा वाटतो. पॅरिसच्या उद्यानात 'बिग थंडर माउंटन'साठी मुलाची उंची किमान १०२ सेंटिमीटर लागते, 'हायपरस्पेस माउंटन'साठी १२० सेंटिमीटर. तिथे दारावर माणूस काठी घेऊन उभा असतो आणि तो कुणाचं ऐकत नाही. सात समुद्र ओलांडून आलेलं पाच वर्षांचं पोर तिथे रडत परत फिरतं, तेव्हा त्याच्या आई-बापांचा सगळा दिवस नासतो. म्हणून बुकिंगला आलेल्या कुटुंबाला आधी विचारावं : मुलाची उंची किती? मोजली नसेल तर घरी जाऊन चौकटीला टेकवून मोजा. ज्या घरात मोठं भावंड राईडवर जाणार आणि धाकटं खाली राहणार, तिथे आई-बापांनी आलटून-पालटून थांबायची सोय उद्यानात असते, ती आधीच सांगावी. आजी-आजोबांसाठी 'इट्स अ स्मॉल वर्ल्ड' ठेवावी. १९६४ सालच्या न्यूयॉर्कच्या जागतिक मेळ्यासाठी ही राईड पहिल्यांदा तयार झाली होती. नावेत बसून निवांत फिरायचं, देशोदेशीच्या बाहुल्या बघायच्या, गुडघ्यांना त्रास नाही.

रांगेचं शास्त्र आपल्या जिल्ह्याला कुणी शिकवावं असं नाही. शिर्डीत गुरुवारी आणि रामनवमीला माणसांचा पूर येतो, शनिशिंगणापूरला शनी अमावास्येला. काकड आरतीसाठी किती वाजता उठायचं, लहान मूल सोबत असेल तर कोणत्या वारी यायचं, दर्शनाची वेळ आधी नोंदवून कसं यायचं, हे शिर्डीतला साधा लॉजवालाही पाहुण्याला सांगतो. ही माहिती तो कुठल्या पुस्तकातून शिकलेला नसतो. शिर्डीत नवरा-बायको मिळून चालवत असलेली अशी लहान कार्यालयं गल्लोगल्ली आहेत. नवरा गाडी आणि बाहेरची धावपळ बघतो, बायको फोनवर बुकिंग घेते आणि येणाऱ्या कुटुंबाची चौकशी करते. यांच्या कामाची कुठे नोंद होत नाही, याची मला खंत आहे.

नगरच्या प्रवाशाचं एक वेगळं वेळापत्रक असतं. मुंबईच्या नोकरदाराची सहल शाळेच्या सुट्टीवर ठरते. आपल्याकडे त्यात उसाचा हंगाम येतो. गाळप चालू असताना बागायतदार घर सोडत नाही. हंगाम संपून कारखान्याचा हप्ता हातात पडला की मे महिन्यात दोघं निघतात. दुसरा वर्ग निवृत्त शिक्षकांचा. पती-पत्नी दोघंही शिक्षक, मुलं पुण्याला नाहीतर परदेशी, हातात निवृत्तीची रक्कम. पासपोर्टसाठी पूर्वी पुण्याला खेपा घालाव्या लागत, व्हिसासाठी मुंबई. विमान पकडायला संध्याकाळी नगरहून निघून रात्रभर बसचा प्रवास करून मुंबईचं सहार विमानतळ गाठायचं. त्या काळी परदेशी सहलीला निघालेल्या आपल्या माणसाचा अर्धा दम विमानतळावर पोचेपर्यंतच संपत असे. तिथे आपल्या नावाची पाटी घेऊन मराठी बोलणारा टूर मॅनेजर उभा दिसला की किती धीर यायचा, हे ज्यांनी अनुभवलं त्यांनाच कळेल. १ ऑक्टोबर २०१७ रोजी शिर्डीचं विमानतळ सुरू झालं. त्याचा मोठा फायदा बाहेरून येणाऱ्या भाविकांना झाला. आपल्या परदेशी प्रवाशाची वाट अजून मुंबई-पुण्यावरूनच जाते.

आता वीणा पाटील यांच्याविषयी. 'केसरी'त वडिलांसोबत काम करताना त्यांनी जे केलं, त्यातली महिलांसाठीची सहल ही मला सर्वांत मोठी गोष्ट वाटते. 'माय फेअर लेडी' या नावाने 'केसरी'ने फक्त स्त्रियांच्या सहली काढल्या. पुढे 'वीणा वर्ल्ड'ने 'वुमन्स स्पेशल' या नावाने त्या मोठ्या प्रमाणावर चालवल्या. आपल्या घरांमधली बाई प्रवासाला निघते तेव्हाही तिचं स्वयंपाकघर तिच्याबरोबर निघतं. नवऱ्याच्या गोळ्या, मुलांचे स्वेटर, सासूबाईंचं पथ्य, डब्यातल्या दशम्या, सगळं तिच्या डोक्यात. कुटुंबाची सहल आखणारी तीच, आणि सहलीत सर्वांत कमी मोकळी असणारीही तीच. तिला म्हणणं की तू एकटी ये, तुझी बॅग तू भर आणि तुझ्यासाठी आखणी आम्ही करतो, ही फार मोठी उलथापालथ होती. श्रीरामपूर-राहात्यासारख्या ठिकाणच्या बायका मैत्रिणींचा गट करून अशा सहलींना जाऊ लागल्या. सासरच्या परवानगीचा प्रश्न अनेक घरांत एका साध्या गोष्टीने सुटला : सोबत सगळ्या बायकाच आहेत आणि संस्था ओळखीची आहे. ओळखीच्या नावाचं हे वजन जाहिरातीने येत नाही. वीणाताईंनी वृत्तपत्रांतून आठवड्याला सातत्याने लिहिलं, त्याचाही यात मोठा वाटा आहे. प्रवासाच्या छोट्या-छोट्या गोष्टी त्या घरातल्या माणसाशी बोलावं तशा लिहीत. ते वाचून कित्येक घरांत, आज ना उद्या आपणही जाऊ, अशी बोलणी सुरू झाली.

२०१३ साली वीणा पाटील यांनी वेगळी वाट धरली आणि 'वीणा वर्ल्ड'ची स्थापना केली. सोबत पती सुधीर पाटील, मुलगा नील पाटील आणि सहसंस्थापक सुनीला पाटील. 'केसरी'ची धुरा घरातल्याच शैलेश पाटील, झेलम चौबळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे नेली. कुटुंबातल्या अशा फारकतीवर बाहेरच्यांनी फार बोलू नये. व्यवसायाच्या दृष्टीने पाहिलं तर मराठी प्रवाशासमोर दोन ओळखीची दारं उघडी झाली आणि दोघांनाही सेवेत ढिलाई परवडेनाशी झाली. 'चलो, बॅग भरो, निकल पडो!' हे 'वीणा वर्ल्ड'चं घोषवाक्य थोड्याच वर्षांत लोकांच्या तोंडी बसलं. वीणाताई समोर दिसतात, लिहितात, बोलतात. सुधीररावांचं नाव त्या मानाने कमी ऐकू येतं. पण नवऱ्या-बायकोने मिळून पन्नाशीच्या आसपास पुन्हा शून्यापासून संस्था उभी करायची, ही तीस वर्षांपूर्वी केसरीभाऊंच्या घरात घडलेलीच गोष्ट होती.

त्याच २०१३ सालच्या एप्रिलमध्ये खोपोलीजवळ मनमोहन शेट्टी यांचं 'अॅडलॅब्स इमॅजिका' उघडलं. १९८९ मध्ये गोराईला सुरू झालेल्या 'एस्सेल वर्ल्ड'नंतर महाराष्ट्राला मिळालेलं हे सर्वांत महत्त्वाकांक्षी उद्यान. कर्जाच्या ओझ्याखाली ते अडचणीत आलं, आणि २०२२ मध्ये त्याची सूत्रं आपल्या संगमनेरच्या मालपाणी समूहाने हाती घेतली. शिर्डीतलं 'वेट एन जॉय' जलउद्यान आणि 'साई तीर्थ' हे भक्तीवर आधारलेलं उद्यान याच समूहाने उभं केलं. परदेशी उद्यानांच्या सहली आखणं आपण मुंबईकडून शिकलो. आता मुंबईकर कुटुंब शिर्डीला येतं तेव्हा पहाटे दर्शन, दुपारी जलउद्यान, संध्याकाळी 'साई तीर्थ' असा त्यांचा दिवस आपल्याला आखून द्यावा लागतो. मुलांना मंदिरातल्या रांगेनंतर पाण्यात खेळायला मिळणार हे आधी सांगितलं, तर ती रांगेत शांत उभी राहतात, हे शिर्डीतली कार्यालयं चांगलं जाणून आहेत.

मार्च २०२० मध्ये सगळं थांबलं. २३ मार्चपासून देशातली नियमित आंतरराष्ट्रीय विमानं बंद झाली आणि ती पूर्ववत सुरू व्हायला २७ मार्च २०२२ उजाडलं. पॅरिसचं डिस्नेलँड मार्चमध्ये बंद होऊन जुलै २०२० मध्ये उघडलं आणि पुन्हा बंद झालं. अनाहाइमचं मूळ उद्यान तर ३० एप्रिल २०२१ पर्यंत बंदच होतं. शिर्डीचं मंदिरही मार्च ते नोव्हेंबर २०२० दरम्यान दर्शनासाठी बंद राहिलं. मे महिन्याच्या सहलींचे पैसे भरून बसलेली कुटुंबं, मोठ्या संस्थांचे पगार आणि आपल्यासारख्यांच्या लहान कार्यालयांची भाडी, सगळ्यांवरच ते संकट आलं. आपल्या जिल्ह्यात काहींनी गाड्या विकल्या, काहींनी शेतीकडे मोर्चा वळवला. यातून पुन्हा उभे राहिलेले बहुतेक जण घरातल्या माणसांच्या बळावर काम करणारे होते, हे मी स्वतः पाहिलं आहे. नोकर कमी करावे लागले, पण बायकोने हिशेब सांभाळला, मुलाने फोन घेतले आणि दार उघडं राहिलं.

फेब्रुवारी २०२५ मध्ये केसरीभाऊ पाटील वयाच्या नव्वदीत गेले. त्यांच्यापाशी किंवा त्यांच्या संस्थेत काम केलेले टूर मॅनेजर आज महाराष्ट्रभर स्वतःची कार्यालयं चालवत आहेत.

या स्मरणिकेच्या निमित्ताने सर्व सभासदांना एक विनंती आहे. आपापल्या कार्यालयात जुन्या सहलींच्या प्रवासी याद्या, हाताने लिहिलेल्या कार्यक्रमपत्रिका, खर्चाच्या वह्या आणि समूहाचे फोटो असतील तर ते रद्दीत घालू नका. संगणक आल्यावर यातलं बरंचसं नष्ट झालं आहे. पहिल्या परदेशी सहलीला आपल्या तालुक्यातून कोण गेलं, किती रुपये लागले, शिदोरीला काय नेलं, पॅरिसच्या उद्यानात कुणाची चुकामूक झाली आणि त्यांना कसं शोधलं, हे सगळं त्या कागदांत आहे. पती-पत्नींनी मिळून चालवलेल्या कार्यालयांची माहिती दोघांच्याही नावानिशी पाठवावी. बाईचं नाव परवान्यावर नसेल तरीही.